पाणी कुठं जातंय ते आधी शोध

अगं, परवा फोनवर तू बोलता बोलता सहज म्हणालीस, “ताई, गाडी झकास चालतेय, फक्त रोज सकाळी थोडं पाणी टाकावं लागतं.” पुढं तू टायरांचं, रात्रीच्या कॉलचं बोलत राहिलीस, पण माझं मन त्या एका वाक्यातच अडकलं. तेव्हा तू घाईत होतीस. आज मात्र निवांत बसून सगळं सांगते. मधेच ‘हो गं, माहितीय’ म्हणू नकोस.

कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते. धड गाडीत ते महिनोन्‌महिने कमी होत नाही. बाटलीतली पातळी बोटभर वरखाली होते, ती इंजिन गरम-थंड होतं म्हणून. रोज भर घालावी लागते याचा अर्थ एकच, रोज ते कुठून तरी बाहेर पडतंय, नाहीतर जाऊ नये तिथं आत शिरतंय. बाहेर पडत असेल तर थोडक्यात निभावेल. आत शिरत असेल तर गाडी आज पळतेय म्हणून उद्याही पळेल याची खात्री नाही. त्यात तू नुसतं पाणी टाकतेस. म्हणजे आत जे काही कूलंट होतं ते दिवसेंदिवस पातळ होत चाललंय, गंज रोखणारी त्यातली द्रव्यंही निघून चालली आहेत. गळती छोटी असते तेव्हा आपण ती पाण्यानं झाकतो, आणि झाकता झाकता ती मोठी होते. तुला मी एवढंच सांगायला बसलेय की पाणी टाकणं हा उपाय नव्हे. पाणी जातंय कुठं, ते आधी शोध.

तुझी गाडी टोचनची आहे हे विसरू नकोस. साध्या पिकअपला जी गळती वर्षभर त्रास देत नाही, ती तुझ्या गाडीला एका चढणीत खाली बसवेल. जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भाग कूलंटला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावा लागतो. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी धावते तेव्हा भार कमी आणि समोरून वारा भरपूर. पण मागं कुणाची तरी बंद पडलेली एसयूव्ही उचललेली, दुसऱ्या गिअरात खंबाटकी चढतेस, मे महिन्याचं ऊन आणि वेग इतका कमी की वारा लागतच नाही. तेव्हा सगळी मदार पंख्यावर, पंपावर आणि आत किती कूलंट आहे यावर. सुट्टीच्या दिवशी साताऱ्याकडं जाणारी रांग लागली की त्या घाटात बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या तू पाहतेसच. त्यांना काढायला तू जातेस. तूच त्या रांगेत उभी राहिलीस तर त्यांच्याकडं कोण बघणार?

आणखी एक गोष्ट फारसं कुणी समजावत नाही. गळतीनं नुसतं कूलंट जात नाही, दाबही जातो. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरचं किंवा बाटलीचं झाकण आत सुमारे एक बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून तेच मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. घाटात आपल्याला तारते ती हीच वरची सवलत. सुईएवढं छिद्र असेल, झाकणाचं रबर चिरलेलं असेल, तर थेंब थोडेच पडतील, पण दाब धरला जाणार नाही. मग सिलिंडरच्या हेडमध्ये, एक्झॉस्टच्या वाटांजवळ, जिथं धातू सर्वांत तापतो तिथं कूलंट आधी उकळू लागतं. वाफ फारशी उष्णता उचलू शकत नाही. तापमानाचा काटा अजून मध्यावरच दिसतो आणि आत हेड वाकायला सुरुवात झालेली असते.

काट्यावर फार भरवसा ठेवू नकोस हेही आताच सांगते. बऱ्याच नव्या गाड्यांचा काटा मुद्दाम असा ठेवलेला असतो की बऱ्याच अंशांच्या फरकात तो मध्यावरून हलत नाही. आणि कूलंट पार संपलं तर सेन्सर हवेत लोंबकळतो, तेव्हा इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र मिळतं, ते घे. मोबाइलवर खरा आकडा दिसतो. तुझ्या गाडीचा रोजचा आकडा तुला पाठ असायला हवा. चढणीवर तो किती वाढतो आणि उतारावर किती वेळात खाली येतो, यावरून निम्मं निदान होतं.

आता शोधायचं कसं ते ऐक. पहिलं काम सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झाल्यावर. बाटलीवर पातळीच्या रेषेला चिकटपट्टी लाव आणि तिच्यावर तारीख, किलोमीटर लिही. पातळी नेहमी थंड असतानाच बघायची, गरम असताना दिसते ती फुगलेली. रात्री गाडीखाली मोठा कोरा पुठ्ठा अंथर. सकाळी डाग दिसला तर बोट लावून बघ. एसीचं पाणी नितळ असतं, त्याला वास नसतो आणि ते बोटाला चिकटत नाही. कूलंट बुळबुळीत लागतं, हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी असतं आणि त्याला गोडसर वास येतो. डाग बरोबर गळतीच्या खालीच पडेल असं समजू नकोस. चालत्या गाडीत पंख्याचा वारा ते मागं फेकतो, थेंब चॅसीवरून ओघळत दोन हात लांब जाऊन टपकतात. म्हणून ओलं जिथं सर्वांत वर असेल तिथून शोध सुरू करायचा.

थंड असतानाच शोधायचं आणखी एक कारण आहे. काही गळत्या फक्त इंजिन थंड असतानाच होतात. गरम झाल्यावर पाइप आणि पितळ-ॲल्युमिनियम फुगून एकमेकांत घट्ट बसतात, थेंब थांबतो. गॅरेजात दुपारी गाडी नेलीस की सगळं कोरडं दिसतं आणि मिस्त्री म्हणतो, “ताई, काही नाही.” तो खोटं बोलत नसतो. उलट काही गळत्या फक्त भारावर, दाब वाढल्यावरच उघडतात. तिथं प्रेशर पंप लागतो.

प्रेशर पंप म्हणजे झाकणाच्या जागी बसवायचा हातपंप, वर दाबाचं घड्याळ. थंड इंजिनावर तो बसवून झाकणावर जेवढा दाब लिहिला असेल तेवढाच भरायचा, त्याच्या वर एक टिचकीही नाही. ०.९ किंवा १.१ बार असा आकडा झाकणावरच असतो. मग पंधरा-वीस मिनिटं हात न लावता थांबायचं. काटा जागचा हलला नाही तर बाहेरची यंत्रणा बहुधा धड आहे. काटा हळूहळू उतरतोय आणि कुठंतरी ओल दिसते, तर गळती सापडली. काटा उतरतोय आणि कुठंच ओल नाही, तर श्वास रोखून पुढचं वाच, कारण तेव्हा कूलंट आत चाललंय. त्याच पंपावर झाकणही तपासून घे. झाकणात दोन झडपा असतात, एक दाब धरणारी आणि दुसरी थंड होताना बाटलीतून कूलंट परत आत घेणारी. सकाळी वरचा होजपाइप चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसला तर दुसरी झडप चिकटलीय असं समज. एवढीशी वस्तू, पण ती न बघता लोक रेडिएटर बदलतात, हे मला फार लागतं.

बाहेरच्या गळत्यांत माझा पहिला संशय नेहमी होजपाइपांच्या टोकांवर. पाइप मधोमध दाबून लोक म्हणतात, मऊ आहे, चांगला आहे. टोकाजवळ, क्लिपच्या दोन बोटं अलीकडं दाबून बघ. पाइप आतून सडायला तिथं सुरुवात होते. मधला भाग आणि टोक यांचा स्पर्श वेगळा लागला, टोक लिबलिबीत किंवा आत चिरा पडल्यासारखं लागलं, तर पाइप बदल. इंजिनातलं ऑइल ज्या पाइपवर टपकतं तो पाइप फुगून भुसभुशीत होतो. अशा वेळी आधी ऑइलची गळती थांबव, नाहीतर नवाही पाइप तसाच जाईल. क्लिप पान्यानं पिळत बसू नकोस. जास्त आवळली तर ती रबर कापते, आणि खाली प्लॅस्टिकचं नळकांडं असेल तर त्याला तडा देते. कंपनीनं स्प्रिंगची क्लिप दिली असेल तर स्प्रिंगचीच परत लाव. पाइप फुगला-आकसला तरी तिची पकड सारखी राहते.

रेडिएटरचं बघायचं तर आजकालच्या बहुतेक गाड्यांत मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि वरखाली किंवा दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या, कडेला पत्रा मुडपून बसवलेल्या. गळती त्या मुडपलेल्या कडेला होते. वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत खर तिथं दिसेल. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर असायचे त्यांना आपले कारागीर डाग द्यायचे, टाकीत बुडवून हवा भरायचे आणि बुडबुडे बघायचे. काम वर्षानुवर्षं टिकायचं. प्लॅस्टिकच्या टाकीला तसा डाग बसत नाही. वरून लावलेला लेप सपाटीवर टिकेल, घाटात दाब चढला की सुटेल. तुझ्या गाडीला नवा रेडिएटरच लाव, आणि भार ओढणाऱ्या मॉडेलचाच घे. दिसायला सारखा पण जाळी पातळ असलेला स्वस्तातला घेऊ नकोस.

टोचनच्या गाडीचा एक खास रोग आहे. वर फिरणारा पिवळा दिवा, मागचे फ्लडलाइट, विंच हे सगळं नंतर जोडलेलं असतं. त्यांची अर्थिंग धड नसली तर वीज परतीची वाट शोधत कूलंटमधून जाते आणि ॲल्युमिनियमला आतून खाते. नवा रेडिएटर बसवला आणि काही महिन्यांत पुन्हा बारीक छिद्रं पडली, तर रेडिएटरवाल्याला दोष देण्याआधी मल्टिमीटर काढ. त्याचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लाव आणि लाल टोक कूलंटमध्ये बुडव, फक्त धातूला टेकू देऊ नकोस. झाकण थंडपणीच उघडायचं, मग गाडी सुरू करून दिवे आणि विंच एकेक चालू करत आकडा बघायचा. साधारण ०.३ व्होल्टच्या वर गेला तर त्या वायरिंगची अर्थ आधी दुरुस्त करून घे. इलेक्ट्रिशियनला हे सांगशील तेव्हा तो तुझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघेल. बघू दे.

वॉटर पंपाचं पटकन सांगते. त्याच्या पोटाला एक छोटं भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून थेंब येतात. थोडा वाळलेला डाग चालतो, टपकणं चालत नाही. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर दोन्ही एकदमच बदल, मजुरी एकदाच पडते. थर्मोस्टॅटच्या घराचं गॅस्केट, टर्बोला जाणाऱ्या बारीक कूलंटच्या नळ्या, ब्लॉकच्या अंगावर पत्र्याच्या वाट्यांसारखे बसवलेले कोअर प्लग, हेही टॉर्च मारून बघ. केबिनमध्ये गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरते, पायाखालचा गालिचा ओला लागतो, तर हीटरची जाळी गेली.

आता आतल्या गळत्या. इथं घाबरायचं नाही, पण घाईही करायची नाही, कारण इथंच माणसं फसतात. बाहेर ओल नाही आणि पातळी उतरतेय म्हटल्यावर गॅरेजात पहिलं वाक्य येतं, “हेड गेलंय.” कदाचित गेलंही असेल. पण हेड उतरवणं म्हणजे मोठा खर्च, आणि तेवढ्यासाठी गाडी उभी राहिली की कमाईही बंद. त्याआधी तीन जागा वेगवेगळ्या तपासल्या पाहिजेत: ईजीआर कूलर, ऑइल कूलर आणि हेड गॅस्केट.

ईजीआर कूलर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात घेण्याआधी कूलंटनं थंड करणारी नळी. बीएस-४ आणि बीएस-६ च्या डिझेल गाड्यांत ती सर्रास असते. तीत तडा गेला की कूलंट धुरात मिसळतं आणि सायलेन्सरमधून वाफ होऊन उडून जातं. गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि तो हवेत रेंगाळतो. सकाळी थंड डिझेल इंजिनही पांढरा धूर टाकतं, पण त्याला न जळलेल्या डिझेलचा वास असतो, डोळे चुरचुरतात आणि इंजिन तापल्यावर तो जातो. फरक नाकानं कळतो. ईजीआर कूलर सोडवून दाब लावला, किंवा नुसतं त्याचं तोंड उघडून बघितलं, तर जिथं काजळी असायला हवी तो भाग धुतल्यासारखा स्वच्छ किंवा ओला दिसतो. हे बघायला हेड उतरवावं लागत नाही. “ईजीआरच बंद करून टाकू” असं कुणी म्हणालं तर नको म्हण. गाडी प्रदूषणाच्या नियमात राहत नाही आणि बीएस-६ मध्ये तर सेन्सर गाडीची ताकदच कमी करून टाकतात.

ऑइल कूलर फुटला तर ऑइल आणि कूलंट एकमेकांत जातात. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं आणि बाटलीत ताकासारखा तवंग दिसतो. गाडी बंद केल्यावर ऑइलचा दाब संपतो, कूलंटचा मात्र काही वेळ टिकतो, तेव्हा उलटी वाट सुरू होते आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघ. ऑइल मातकट-दुधाळ दिसलं किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी सुरूसुद्धा करू नकोस. कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं. मात्र पावसाळ्यात, छोट्या छोट्या फेऱ्या मारल्यावर ऑइलच्या झाकणाच्या आत जरासा दुधाळ थर दिसतो, तो दमट हवेचा असतो. डिपस्टिक स्वच्छ असेल तर त्यावरून जीव टांगणीला लावू नकोस.

हेड गॅस्केटची खूण सकाळीच सापडते. रात्रभर उभी राहून थंडगार झालेल्या गाडीचा वरचा होजपाइप दाब. तो टणक लागला, झाकण हळूच उघडताना फुस्स झालं, तर आत बहुधा सिलिंडरचा धूर शिरलाय, कारण थंड इंजिनात दाब उरायला दुसरं कारण सहसा नसतं. गाडी सुरू केल्याबरोबर, ती गरम व्हायच्या आत, बाटलीत सतत बुडबुडे येतात का बघ. निळ्या द्रावणाची चाचणीही असते, बाटलीतली हवा त्या द्रावणातून ओढायची आणि रंग बदलतो का बघायचं. एक लक्षात ठेव, डिझेल इंजिन आयडलवर भरपूर जादा हवा घेतं, त्यामुळं धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि गॅस्केट गेलेलं असूनही रंग बदलत नाही. म्हणून ती चाचणी गाडी चढणीवर भार ओढून आल्यावर लगेच करायला सांग. झाकण मात्र मिस्त्रीच्या हातून, नीट थांबून, फडकं धरूनच उघडायचं.

हेड उतरवायचीच वेळ आली तर नुसतं नवं गॅस्केट टाकून परत बसवू देऊ नकोस. हेड वाकलंय का हे सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून तपासायचं, तडा आहे का ते प्रेशरवर बघायचं, गरज असेल तर फेसिंग करून घ्यायचं. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवे घे. आवळायचे ते टॉर्क पान्यानं, कंपनीनं दिलेल्या क्रमानं आणि अंशांनी. ऑइलमध्ये कूलंट गेलं असेल तर ऑइल आणि फिल्टर एकदा बदलून भागत नाही, थोडी गाडी फिरवून दुसऱ्यांदा बदल.

सकाळी चावी फिरवली आणि स्टार्टर ‘कट्ट’ करून जागीच थांबला, तर पुन्हा पुन्हा फिरवू नकोस, ढकलून तर अजिबात सुरू करू नकोस. रात्रीतून कूलंट सिलिंडरमध्ये साचलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून सिलिंडर मोकळा करावा लागतो. हे वाक्य तुझ्या ड्रायव्हरलाही पाठ करायला लाव.

आता हळदीबद्दल. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात, बारीक छिद्रात ती फुगून बसते आणि गाडी घरापर्यंत येते. आडरानात, रात्री, दुसरा मार्ग नसताना जुन्या ट्रकला कुणी ते केलं तर मी बोलणार नाही. पण तुझ्या गाडीत ऑइल कूलर, ईजीआर कूलर, हीटरची जाळी, सगळ्यांच्या वाटा अरुंद. हळद असो की बाटलीतलं विकत मिळणारं लीक बंद करणारं औषध, ते छिद्र ओळखत नाही, जिथं वाट अरुंद तिथं बसतं. गळती थांबेल आणि भारावर गाडी तापायला लागेल. हळद स्वयंपाकघरातच ठेव.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुला नक्की मिळेल, “वॉल्व्हच काढून टाका, गाडी गरमच होणार नाही.” बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हाच बायपासची वाट बंद करतो. तो काढलास तर बायपास कायम उघडा राहतो आणि कूलंटचा काही भाग रेडिएटरकडं न जाता परत इंजिनात फिरतो. सपाटीवर इंजिन थंड राहून डिझेल जास्त पितं, आणि घाटात, जिथं तुला गरज आहे तिथं, उलट तापतं. खराब असेल तर बदल, तोही तेवढ्याच अंशांचा.

आणि रोज टाकतेस ते बोअरचं पाणी बंद कर. आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर किती थर चढतो ते तू पाहिलंयस, इंजिनाच्या आतही तेच होतं. तयार मिश्रणाचं कूलंट घे, किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्मं कर. रंग बघून दोन कूलंट मिसळू नकोस, रंग कंपनी ठरवते, रसायन वेगळं असू शकतं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच. तुझं इंजिन मोठ्या ट्रकचं, वेट लायनरचं असेल तर डिझेलसाठीचंच कूलंट हवं. लायनर थरथरतो तेव्हा त्याच्या पाठीवर बुडबुडे फुटून बारीक खड्डे पडतात आणि एक दिवस आरपार होतात, ते रोखणारं द्रव्य साध्या कूलंटमध्ये नसतं.

दुरुस्ती झाल्यावर भरण्यातही घाई नको. गाडीचं तोंड चढाकडं करून उभी कर, मागं चाकांना दगड लाव, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल. सावकाश ओत. हवा आत अडकली तर नव्या रेडिएटरसकट गाडी तापेल. एक फेरी मारून आण, रात्रभर थंड होऊ दे, सकाळी पातळी बघ. चिकटपट्टीची रेष सलग काही सकाळी हलली नाही तरच काम झालं म्हणायचं.

घाटात आकडा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, एक गिअर खाली, म्हणजे इंजिन जरा वेगानं फिरून पंप आणि पंखाही वेगानं चालतील. तरी थांबला नाही तर सुरक्षित जागा बघून थांब. कूलंट आत असेल तर दोन-चार मिनिटं आयडलवर चालू दे. पण पाइप फुटलाय, वाफेचा लोट उठलाय, तर चावी लगेच बंद, कारण आता फिरवायला आत काही नाही. झाकणाला हात नाही. मागचा गाडीवाला कितीही घाई करू दे, गरम झाकण उघडून कुणी चेहरा-हात भाजून घेतल्याचं मला तुझ्याबाबतीत ऐकायचं नाही. आणि रिकाम्या तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

मिस्त्रीशी बोलताना आवाज चढवायची गरज नाही, आणि दबायचीही नाही. “काका, प्रेशर लावून मला दाखवा” एवढं म्हण. चांगला मिस्त्री आनंदानं दाखवतो, कारण त्यालाही उगाच हेड उतरवायची हौस नसते. जो दाखवायला तयार नाही त्याच्याकडं गाडी सोडू नकोस. काढलेले जुने भाग परत माग.

गाडीत वरचा आणि खालचा होजपाइप, चार क्लिपा, एक झाकण, पाच लिटर तयार कूलंट आणि टॉर्च कायम असू दे. कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नकोस, ते चवीला गोड आणि विषारी असतं. लेकरं आणि कुत्री दोघांनाही धोका. काढलेलं कूलंट ओढ्यात-गटारात ओतू नकोस, कॅनमध्ये भरून गॅरेजात दे.

आता तू करायचं एवढंच. उद्यापासून घाटातले कॉल घेऊ नकोस, सपाटीवरचे, जवळचे घे. पातळीची चिकटपट्टी आणि पुठ्ठा आज रात्रीच. शनिवारी संध्याकाळी गाडी माझ्याकडं आण, रात्रभर अंगणात उभी राहू दे, रविवारी सकाळी थंड इंजिनावर पंप लावू. आणि या आठवड्यात कॉल कमी घेतल्यानं हप्त्याला कमी पडलं तर दुसऱ्या कुणाकडं जाऊ नकोस, मला सांग.